वस्ती कशी आहे?

सांगलीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षे हळदीची अडत केलेले अण्णा मुलाकडे शिकागोला गेले, तेव्हा तिथे घरखरेदीची धांदल चालू होती. मुलगा आणि सून आठ वर्षे भाड्याच्या घरात राहत होती. आता नात शाळेत जाऊ लागल्यामुळे स्वतःचे घर हवे होते. दर रविवारी सारे मिळून घरे पाहायला निघत. माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अण्णांनी आयुष्यात भाव बोलला नव्हता. छप्पर, तळघरातील ओल, पाण्याचा निचरा, सारे ते बारकाईने पाहत आणि शेवटी मुलामार्फत दलालबाईंना एकच प्रश्न विचारत, "वस्ती कशी आहे? कोणत्या लोकांची?"

दलालबाई नम्रपणे सांगत, "याचे उत्तर मला देता येत नाही. कायद्याने मनाई आहे." शाळा, कर, रेल्वेस्थानक यांविषयी त्या भरभरून बोलत; शेजारी कोण राहतो, यावर मात्र गप्प. अण्णांना नवल वाटले. माल कोणत्या गावचा हे न सांगणारा दलाल त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

त्या रात्री जेवणानंतर सूनबाईंनी उलगडा केला. त्या एका बँकेच्या गृहकर्ज विभागात काम करीत असल्यामुळे हा इतिहास त्यांना प्रशिक्षणातच शिकवला गेला होता. १९३३ साली मंदीत बुडणारी घरे वाचवण्यासाठी अमेरिकन सरकारने एक कर्जसंस्था काढली. तिने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करून वस्त्यांना चार प्रती दिल्या: हिरवी, निळी, पिवळी आणि लाल. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना बहुधा सरसकट लाल रंग मिळाला. १९३४ पासून गृहकर्जाला सरकारी हमी देणारे खातेही अशा वस्त्या टाळू लागले. कर्जदाराची पत, पगार, सचोटी काहीही असो, पत्ता लाल रेषेच्या आत असला की अर्ज परत.

"मग त्या लोकांनी घरे घेतली कशी?" अण्णांनी विचारले.

"करारावर, अण्णा. सट्टेबाज स्वस्तात घर घेऊन त्यांना दुप्पट भावाने हप्त्यांवर विकत. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्याच नावावर. एक हप्ता चुकला तरी घर गेले आणि भरलेले पैसेही गेले."

अण्णा काही वेळ बोलले नाहीत. कठोर सावकार त्यांनी पाहिले होते. पण गहाण जमिनीवर निदान कुळाचे नाव तरी राहते. इथे माणूस वर्षानुवर्षे पैसे भरी आणि त्याच्या हाती मालकीचा एक आणाही येत नसे. याच अन्यायाविरुद्ध मार्टिन ल्यूथर किंग १९६६ साली शिकागोच्या लॉन्डेल भागात भाड्याने येऊन राहिले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये गोऱ्या वस्तीतून मोर्चा नेताना त्यांच्या डोक्याला दगड लागला. ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांची हत्या झाली आणि ११ एप्रिलला न्याय्य गृहनिर्माणाच्या कायद्यावर सही झाली. वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश पाहून घर नाकारणे, तसेच गिऱ्हाइकाला ठरावीक वस्तीकडे वळवणे, तेव्हापासून गुन्ह्याच्या पंक्तीला बसले. दलालबाईंच्या मौनामागे एवढी मोठी किंमत मोजलेली होती.

पुढच्या रविवारी ओक पार्क या गावातले घर पाहायचे होते. शिकागोचा ऑस्टिन भाग आणि ओक पार्क यांच्यामध्ये केवळ एक रस्ता आहे. ऑस्टिनमध्ये दलालांनी पूर्वी 'कृष्णवर्णीय आले, आता भाव पडणार' अशी भीती पसरवली. घाबरलेल्या गोऱ्यांकडून घरे पडत्या भावात घेतली आणि आलेल्या कृष्णवर्णीयांना चढ्या भावाने विकली. काही वर्षांत सारी वस्ती पालटली. ओक पार्कने वेगळी वाट धरली. १९६८ साली स्वतःचा न्याय्य गृहनिर्माणाचा नियम केला, १९७२ साली सर्व वर्णांच्या भाडेकरूंना गावभर घरे दाखवणारे केंद्र सुरू झाले आणि पुढे भाव घसरल्यास घरमालकाला भरपाई देणारी हमी योजनाही निघाली. भीतीला हमीने उत्तर देण्याची ही रीत अण्णांना फार आवडली. बाजार भीतीवर पडतो आणि विश्वासावर उभा राहतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

याच गावात पर्सी ज्युलियन नावाचे कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ राहत. सोयाबीनपासून औषधी द्रव्ये काढण्याच्या कामामुळे त्यांची कीर्ती झाली. १९५० साली त्यांनी इथे घर घेतले, तेव्हा राहायला येण्याआधीच ते पेटवण्याचा प्रयत्न झाला. पुढच्या वर्षी घरावर स्फोटके फेकली गेली. तरी ते हलले नाहीत. आज गावातली एक शाळा त्यांच्या नावाने चालते. अण्णा त्या शाळेच्या पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"आपल्या लोकांनाही हे चुकले नव्हते," परतताना मुलगा म्हणाला. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय 'गोरे' नाहीत म्हणून नागरिकत्वाचा हक्क नाकारला आणि कॅलिफोर्नियात नागरिकत्वास अपात्र ठरलेल्यांना शेतजमीन घेता येत नसे. १९४६ च्या कायद्याने तो अडसर गेला. वीरचंद गांधींनी १८९३ मध्ये याच शिकागोत जैन धर्म सांगितला. पण आपली कुटुंबे मोठ्या संख्येने इथे वसली ती १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर, आणि त्या कायद्याला कृष्णवर्णीयांच्या चळवळीने तयार केलेली हवा लाभली होती.

त्या रात्री अण्णांना झोप आली नाही. पुण्यात त्यांची एक सदनिका आहे. निघण्याच्या आठवड्यात एजंटाने एका तरुणाची माहिती पाठवली होती. नोकरी चांगली, भाडे कबूल, 'घरात मांस-मद्य आणणार नाही' असे त्याने लिहूनही दिले होते. आडनाव वाचून अण्णांनी दोनच शब्द कळवले होते, "नको. दुसरा." मनाला सांगितले होते की हा आहाराचा प्रश्न आहे. पण आहाराची अट तर त्याने मान्य केली होती. मग नाकारले ते काय?

हा प्रश्न एकट्या अण्णांचा नाही. आपल्याकडे घटनेच्या पंधराव्या कलमातील मुख्य बंधन राज्यसंस्थेवर आहे. खासगी घरमालकाला अडवणारा अमेरिकेसारखा स्वतंत्र कायदा नाही. २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. म्हणजे कायदा आपला हात धरत नाही. प्रश्न उरतो तो धर्माचा. आपल्या घरात हिंसा नको, ही श्रावकाची अट प्रामाणिक आहे आणि ती प्रत्येकाला सारखी सांगता येते. परंतु आचार विचारणे वेगळे आणि जन्म विचारणे वेगळे. आचार्य समंतभद्रांनी श्रावकाचार सांगताना आठ मद गणले, त्यांत कुलमद आणि जातिमद आहेत. सम्यग्दर्शनाने युक्त असा चांडाळकुळात जन्मलेला माणूसही त्यांनी देवतुल्य मानला. ज्या समवसरणात पशूंनाही जागा आहे, त्याचे चित्र देवघरात लावून आपण दारावर आडनावाची चाळणी लावतो. लाल शाईची रेघ आपण नकाशावर ओढली नाही, एवढेच.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पुण्याला फोन लावला. तो तरुण इतरत्र राहायला गेला होता. एजंट म्हणाला, "काका, एवढे मनावर घेऊ नका. सगळेच असे करतात." अण्णांनी शांतपणे सांगितले, "यापुढे काम, भाडे आणि घरातला आचार, एवढेच विचारायचे. आडनाव करारावर लिहिताना कळले तरी चालेल." संध्याकाळी सोसायटीच्या सचिवांचा फोन आला, अशाने इमारतीचे वातावरण बिघडेल, असे त्यांचे म्हणणे. अण्णा उत्तरले, "परत आल्यावर सभेत बोलू." ती सभा सोपी जाणार नाही, हे ते जाणून आहेत.

ओक पार्कच्या घराचा कर जास्त आहे आणि बार्टलेटचे जैन मंदिर तिथून बरेच लांब. तरीही मुलाने बोली लावली. सही करण्यापूर्वी त्याने विचारले, "अण्णा, वस्ती पसंत आहे ना?"

"वस्ती आपण जाऊन चांगली करायची असते," अण्णा म्हणाले. "आधी छपराचे बघ. उत्तरेच्या बाजूला गळतंय."