अक्षरे आईची, शब्द माझा

कोणतेही नियतकालिक हाती घेतले की मजकुराआधी दृष्टी जाते ती त्याच्या शीर्षपट्टीवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा शीर्षस्थानी तुकोबांच्या ओळी छापल्या. पत्राची भूमिका काय, हे वाचकाला पहिला लेख वाचण्यापूर्वीच उमगत असे. शीर्षपट्टी ही अशी घराच्या उंबरठ्यासारखी असते.

आमच्या विस्तारलेल्या कुटुंबासाठी एक घरगुती त्रैमासिक काढावे असे गतवर्षी ठरले. सांगली, पुणे, बंगळुरू आणि न्यू जर्सी अशा चार ठिकाणी विखुरलेली चार पिढ्यांची माणसे त्यानिमित्ताने एकत्र यावीत, एवढाच हेतू. नाव ठरले ‘आमचे अंगण’, आणि शीर्षपट्टी तयार करण्याचे काम निवृत्त म्हणून माझ्याकडे आले. परदेशातील नातवंडांना देवनागरी वाचता येत नाही, तेव्हा नाव रोमन लिपीत असावे, अशी पुतण्याची सूचना होती. तिच्यात तथ्य होते. परंतु जी लिपी मुलांच्या दृष्टीसच पडणार नाही, ती शिकण्याची इच्छा त्यांना कशी व्हावी? अखेर नाव देवनागरीत आणि त्याखाली बारीक रोमन अक्षरांत उच्चार, असा तोडगा निघाला.

संगणकावर सुबक मराठी टंक विनामूल्य मिळतात. ‘मुक्त’ हा त्यांपैकीच एक. मात्र मला हवे होते आईचे अक्षर. तिचे वय ८८. वार्धक्यामुळे दृष्टिपटलाचा मध्यभाग क्षीण झाला आहे आणि तीन वर्षांपासून तिचे लिहिणे थांबले आहे. शिल्लक आहे ती तिची पाककृतींची जुनी वही. कागद पिवळा पडलेला, शाई ठिकठिकाणी फिकट झालेली. ती अधिक फिकट होण्याआधी त्या अक्षराला कोठेतरी स्थान मिळावे, अशी तळमळ होती.

त्यासाठी मी ‘गिम्प’ हे चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर वापरले. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये त्याचा प्रारंभ केला. आजही ते सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. वहीची पाने मी ६०० डीपीआयवर स्कॅन केली, कारण लहान चित्र मागाहून मोठे केले तर कडा धूसर होतात. ए-४ कागदाची रुंदी २१० मिलिमीटर. छपाईसाठी ३०० डीपीआय धरल्यास ती सुमारे २४८० पिक्सेल भरते. उंची ६०० पिक्सेल, म्हणजे साधारण पाच सेंटिमीटर ठेवली.

‘आमचे अंगण’ हे शब्द वहीत कोठेही नव्हते, म्हणून अक्षरे शोधत गेलो. ‘आमसूल’मधून ‘आम’ मिळाले. ‘लोणचे’ या एकाच शब्दाने ‘ण’ आणि ‘चे’ दोन्ही दिले. ‘गहू’मधून ‘ग’ घेतला. ‘अं’साठी तर शोधावेच लागले नाही, आईच्या प्रत्येक पाककृतीत ‘अंदाजे’ हा शब्द आहेच! प्रत्येक अक्षर स्वतंत्र थरावर, म्हणजे लेअरवर ठेवले. असे केल्याने एक अक्षर हलविताना दुसऱ्यास धक्का लागत नाही. गडद-फिकट छटांचे प्रमाण बदलून शाई तेवढी ठेवली आणि पिवळा कागद पारदर्शक केला.

खरी परीक्षा शिरोरेषेची होती. रोमन अक्षरे खालच्या रेषेवर उभी राहतात. आपली वरच्या रेषेला लटकतात. त्यामुळे मार्गदर्शक रेषा वर आखून तिला प्रत्येक अक्षर किंचित फिरवून जुळवावे लागले. मधल्या फटी भरण्यासाठी लागणारी रेघही वहीतूनच घेतली. मागे जुन्या घराचे छायाचित्र ठेवून पाहिले. परंतु चित्र गजबजलेले असले की अक्षरे हरवतात, म्हणून फिकट बदामी रंगच कायम केला. थर शाबूत राहावेत म्हणून मूळ काम एक्ससीएफ स्वरूपात जतन केले आणि वापरासाठी पीएनजी प्रत काढली.

काम पूर्ण झाले आणि मनात एक प्रश्न उभा राहिला. ३४ वर्षे बँकेत धनादेशावरील सही नमुना सहीशी ताडून पाहण्यात गेली. ज्या हाताने एखादा शब्द लिहिलेला नाही, त्या हाताचा म्हणून तो पुढे करणे याला आमच्या खात्यात एकच नाव होते. येथे पैशाचा व्यवहार नव्हता, हेतूही निर्मळ होता. तरीही पुढच्या पिढीतील कोणी ही पट्टी पाहून ‘हे पणजीने लिहिले’ असे म्हणेल, आणि ते खरे नसेल. ज्या घराची स्मृती जपायची, त्याच्या उंबरठ्यावरच असत्य कसे ठेवावे?

मी पट्टी मोठ्या आकारात छापून आईपुढे ठेवली आणि सारी हकिगत सांगितली. भिंग घेऊन, मान तिरपी करून तिने एकेक अक्षर बराच वेळ पाहिले. ‘ण’वर बोट ठेवून म्हणाली, “हा लोणच्यातला. माझाच आहे.” मग थोडे थांबून म्हणाली, “अक्षरं माझी, पण शब्द तू जुळवलास. छाप हवं तर. फक्त तसं खाली लिही.”

त्याप्रमाणे पट्टीच्या तळाशी एक ओळ आली : ‘आईच्या वहीतील अक्षरे जुळवून तयार केलेले शीर्षक’. या ओळीचीही अक्षरे वहीत सापडली असती. ती मात्र मी ‘मुक्त’ टंकातच ठेवली, कारण ते विधान माझे आहे.