हौदाचे पाणी

आठवीच्या मुलांना आम्ही यंदा सूक्ष्मजीवांवर निबंध लिहायला सांगितला नाही. गटाने बसा आणि चित्र, आवाज, चित्रण जोडून संगणकावर सादरीकरण करा, म्हटले. पाच गटांची पाच आली. चारांत इंटरनेटवरून उचललेला तोच रंगीत अमीबा, मागे तेच संगीत. दिसायला सुरेख.

पाचव्या गटातल्या मुलींनी शाळेच्या खुर्दबिनीला मोबाइल टेकवून स्वतः चित्रण केले होते. चित्र धूसर, कडा काळ्या, हात हललेला. पण त्यात चपलेच्या आकाराचे एक पॅरामेशियम अंगावरच्या बारीक केसांनी पाणी कापत आले, शेवाळाच्या धाग्याला धडकले, मागे सरकले आणि दिशा बदलून पुढे गेले. वर्ग गप्प झाला. उर्दूत निवेदन चालू होते : हे पाणी आमच्या मशिदीच्या हौदातले आहे.

आमच्या पोटात गोळा आला. संमेलनाला पालक येणार, जमातीची मंडळी येणार. वुजूच्या पाण्यात 'किडे' दाखवले तर? "हौदाचे नाव काढा, तळ्याचे पाणी म्हणा," आम्ही म्हटले. एक मुलगी म्हणाली, "सर, मग ते खोटं होईल ना?" उत्तर सुचले नाही, म्हणून आम्ही रागावलो.

घरी आल्यावर लेवेनहूक आठवला. डेल्फ्टचा हा कापडव्यापारी, पाण्यातले जीव पाहिल्याचे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले तेव्हा लोकांना शंका आली. 1677 मध्ये त्याने आठ जणांना भिंगातून पाहायला लावून त्यांच्या साक्षी पाठवल्या. त्यांत पाद्रीही होते.

मगरिबनंतर आम्ही मोबाइल घेऊन मौलानासाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून चित्रण दोनदा पाहिले. "सुब्हानल्लाह! डोळे नाहीत, तरी वाट शोधतो?" मग मसला सांगितला. आम्ही कोकणातले शाफई. पाणी दोन कुल्ल्यांहून कितीतरी जास्त, रंग-चव-वास बदललेला नाही, वुजूला पाक आहे. "पिण्याजोगं आहे का, ते मात्र तुमचं खातं, सर. आणि हौद शेवटचा कधी उपसला, ते मुतवल्लींना विचारतो."

दुसऱ्या दिवशी मुलींना सांगितले, हौदाचे नाव राहू द्या. रागावल्याबद्दल माफीही मागितली; वर्गासमोर ते जरा जड गेले.

आता उरलेले चार गट बाटल्या घेऊन उभे आहेत. विहिरीचे, फुलदाणीचे, भातखाचरातले पाणी. संमेलन आठवड्यावर आले आहे आणि शाळेत खुर्दबीन एकच.