घाव कोणी सोसायचे?

बोल्टच्या डोक्याचे सहाही कोपरे झिजून गोल झाले असले, की पाना त्यावर नुसता फिरत राहतो. माझ्या जुन्या मारुती ८०० मध्ये असे बोल्ट बरेच आहेत. माझ्याआधी या गाडीवर कोणीतरी शिकलेलं आहे. चुकीच्या मापाचा पाना, नाहीतर पान्याऐवजी पक्कड, आणि वर अंगातला सगळा जोर. तीन सिलिंडरांपैकी मधल्याच्या प्लगचे आटे गेले होते. ते नंतर कोणीतरी बुश घालून नीट करून घेतलेत. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादी. प्लग किंचित तिरका लागला आणि तसाच रेटला, तर मऊ धातूचे आटे जातात. म्हणून तो आधी बोटांनी फिरवायचा, आपसूक आत उतरत गेला पाहिजे, पाना अगदी शेवटी. मी ज्यांच्याकडे गाडीचं काम शिकते, त्या मिस्त्रींनी मला हे सांगितलं. त्या माणसाला सांगणारं कोणी नसावं.

तो माणूस हल्ली माझ्या डोक्यातून जात नाही.

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ताई,’ असं मिस्त्री मला अधूनमधून ऐकवतात. शाळेच्या भिंतीपासून ही म्हण सोबत आहे आणि तिच्यातला दगड म्हणजे शिकणारा, हे मी कायम धरून चालले. सोलटलेली बोटं, नखांतून न निघणारं ग्रीस, एकेका दोषामागे गेलेले रविवार, हे माझे घाव. त्यातला एक दोष मला फार जवळचा वाटतो. गाडी काही अंतर छान धावायची, मग आचके देत बंद पडायची, आणि थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू. कॉइल तापत असेल, पेट्रोलची पाइपात वाफ होत असेल, किंवा टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं असेल. भोक बुजलं की पंप पेट्रोल ओढतो, पण त्याच्या जागी हवा आत येत नाही, आणि शेवटी पंपाला ओढवेनासं होतं. गाडी बंद पडल्यावर झाकण उघडलं, तर सुस्स करून हवा आत गेली. गाडी लगेच सुरू झाली.

पण ती झाकणामुळे सुरू झाली, की तेवढ्या वेळात थंड झाली म्हणून? हे कळायला एकच वाट होती. भोक साफ केलं, गाडी धावली. मग त्यावर मुद्दाम चिकटपट्टी लावून पुन्हा तोच रस्ता धरला आणि ती बंद पडायची वाट पाहिली. बंद पडली तेव्हा झालेला आनंद मला कोणाला समजावता आला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गाडी दुरुस्त होते आणि आपण होतो तिथेच राहतो. चुकतमाकत शिकण्याला काही शिस्त असेल तर ती एवढीच, असं मी मानते.

मात्र या सगळ्यात घाव कोण सोसत होतं? त्या गोल झालेल्या बोल्टांकडे बघितलं की म्हण उलटी दिसू लागते. टाकी शिकणाऱ्याच्या हातात आहे, घाव बोल्टवर पडतात आणि देवपण मिस्त्रीला येतं. गॅरेजमधल्या पोरांचं तर आणखी वेगळं. त्यांच्या वाट्याला आधी रॉकेलमध्ये सुटे भाग धुणं, मग ‘दहा-अकराचा दे’ म्हटलं की न बघता तोच पाना पुढे करणं, मग पंक्चर, मग ऑइल बदलणं. इंजिनाला हात लावायला वर्षं जातात. यात मला पूर्वी फक्त राबवून घेणं दिसायचं. आता वाटतं, नवख्या हाताचे घाव स्वस्त वस्तूंवर पडावेत अशी ती योजनाही असेल. पण याच गॅरेजांत कोवळ्या पोरांनी पान्याचा मारही खाल्लाय, आणि त्या माराला हीच म्हण पुरवली गेली. तिथे दगड कोण होतं याबद्दल शंकाच नाही.

मी छत्रपती संभाजीनगरात राहते, त्यामुळे टाकी म्हटलं की मन लेण्यांकडे वळतंच. वेरूळचं कैलास लेणं एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलंय. चुकून उडालेला तुकडा परत चिकटवायची सोय नाही. मग तिथले नवखे हात कुठे शिकले? कैलास याचं उत्तर देत नाही, कारण ते पुरं झालंय. अजिंठ्याचं चोविसावं लेणं अर्धवट राहिलंय, तिथे थोडं कळतं. आधी खडकात समांतर खोल चर मारायचे, मग मधल्या भिंती फोडून काढायच्या. जो दगड शेवटी जाणारच आहे, त्यावर कोणाचाही हात चालला असता. नवशिक्यांना तिथेच लावत असतील का? मी कितीदा त्या चरांपुढे उभी राहिले, पण कच्च्या हाताची खूण आणि घाईतल्या पक्क्या हाताची खूण मला वेगळी करता आली नाही.

आणि अजिंठ्यातल्याच रंगवलेल्या लेण्यांच्या भिंती! चित्रांच्या खाली मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे. गिलावा उडालाय तिथे टाकीचे उघडे घाव दिसतात. भिंत गुळगुळीत केलेलीच नाही, कारण गुळगुळीत दगडावर माती धरत नाही. म्हणजे पद्मपाणीच्या चित्रामागची ती भिंत खडबडीत असावी लागली. हे समजल्यावर मला फार बरं वाटलं होतं. मग लक्षात आलं, की हे गाडीला लावता येत नाही. प्लगचे आटे खडबडीत असून चालत नाहीत, ब्रेकचा ड्रम तर नाहीच.

ब्रेकचा प्रश्न आत्ता समोर आहे. शेजारच्या काकांच्या गाडीच्या मागच्या चाकातून घासल्याचा आवाज येतो. ‘तू बघशील का गं?’ म्हणाले. शू झिजले असतील, किंवा ड्रममध्ये नुसती धूळ साठली असेल. माझ्या गाडीचा मागचा ड्रम मिस्त्री शेजारी असताना मी उघडलाय. पण माझ्या गाडीत मी असते. काकांच्या गाडीत काकू आणि नातू असतात. नाही म्हटलं, तर मी एकाच गाडीची राहीन. हो म्हटलं, तर माझ्या शिकण्याचे घाव दुसऱ्याच्या वस्तूवर पडणार, आणि तो अनोळखी माणूस याहून वेगळं काय करत होता? मिस्त्री म्हणतात, ‘उघडा की ताई, मी शेवटी बघतो.’ पण ते स्वतः पहिल्यांदा ब्रेक कोणाच्या गाडीवर शिकले, आणि त्या वेळी शेवटी बघायला कोणी होतं का, हे त्यांना विचारायला माझी जीभ रेटत नाही.