माणसागणिक हवा

बुलढाण्याची हवा चांगली, हे आमच्याकडे कुणी तपासून पाहत नाही. अजिंठ्याच्या रांगेवरचं गाव. मे महिन्यात खामगाव-मलकापूरचे पाहुणे वर आले, की "काय गार आहे हो तुमच्याकडं" म्हणतात आणि त्याचं श्रेय आपण उगाच स्वतःकडे घेतो. म्हणून भाच्यानं पुण्याहून मुठीएवढं हवामापक यंत्र पाठवलं तेव्हा हसू आलं. आतला पंखा हवा ओढतो, लेसरचा किरण कणांवरून विखुरतो आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीचा अंदाज पडद्यावर उमटतो.

पिशवीला ते अडकवून थंडीतल्या एका सकाळी खामगावच्या एसटीत बसलो. बोथा घाटात, ज्ञानगंगेच्या जंगलात, आकडा निवांत होता. खाली उतरल्यावर चढू लागला. थंडीत गार हवा जमिनीलगत बसून राहते, धुराला वर जाऊ देत नाही.

खामगावला 1870 साली जलंबहून रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. जिनिंगच्या फाटकाशी आजही गाड्यांची रांग लागते. सरकी सुटताना रुईचा भुरका उडतो, पण मोठे तंतू माझ्या यंत्राच्या हिशेबात नीट येत नाहीत. कापसाच्या धुळीत राबणाऱ्यांना मात्र ती धूळ जाणवते. सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती आवळते. या आजाराचं नाव बायसिनोसिस.

आकडा खरा उसळला तो चुलतवहिनीच्या घरी, जवळच्या खेड्यात. सिलिंडर कोपऱ्यात, भाकरी चुलीवर. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "भाऊजी, कपाशीच्या पऱ्हाट्या वावरातल्या हायेत. सिलिंडरले पैसे लागतात ना!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी यंत्र घेऊन अंगणात गेलो, त्या तिथंच बसल्या.

चुलीच्या धुराचे अभ्यासक कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातेतल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावरच मापक लावले होते. हवा मोजायची ती अशी, श्वास घेणाऱ्याच्या नाकाशी. जिल्ह्याच्या गावाचा एक आकडा सगळ्यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. माझ्यासारख्या फिरस्त्याच्या पिशवीतलाही नाही.

या बारीक कणांसाठी भारताची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 15. दोन्ही 24 तासांच्या सरासरीच्या. चुलीपुढच्या एका तासासाठी आपल्याकडे मर्यादाच ठरवलेली नाही.