तसलीच दुसरी

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाचा अर्धा जन्म ‘तसलंच दुसरं’ यावर निभतो. फास्ट चुकली की स्लो, हापूस परवडेना की हापूसच्या पेटीतला भलताच आंबा. वाणी तर गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने कधी पाठवतच नाही. “वो नहीं है, ये ले जाव. सेम है!” या ‘सेम है’वर मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतचे संसार चालले आहेत.

आमच्या इमारतीत या तत्त्वज्ञानाला एकच माणूस कडाडून विरोध करतो. तिसऱ्या मजल्यावरचे काका. त्यांची उभी हयात खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेली. (कारखाना 1869 सालचा. काका बरेच अलीकडचे, पण शिस्त तेव्हाचीच.) आता मुलाकडे मुलुंडला असतात. कानाने जरा कमी, त्यामुळे बोलतात असे की, मधे फोन कशाला हवा असं वाटावं.

एका रविवारी सकाळी सबंध इमारतीने ऐकलं, “अरे, नेहमीची दारू संपली म्हणून दुसरी घेऊ नकोस! काय? नाव सारखंच आहे? नाव सारखं असेल, गुण सारखा नसतो! डोळे जातील डोळे!”

दुपारच्या चहापर्यंत काकांचा अमेरिकेतला भाचा पार वाया गेल्याचं चारही मजल्यांवर नक्की झालं. सांत्वनासाठी मला वर पाठवण्यात आलं.

“अरे, बंदुकीची दारू!” काका कडाडले.

भाचा टेक्ससमध्ये. नेमबाजीचा नाद. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून ठेवायची आणि घरीच तिच्यात नवी कॅप, नवी दारू, नवी गोळी भरायची, हा तिकडे चक्क छंद आहे. (आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे. परवान्याशिवाय काडतुसं बनवलीत तर पुढचे छंद तुरुंगात.) 2020 नंतर तिकडे या दारूची अनेकदा टंचाई झाली. भाच्याची ‘एच 4350’ मिळेना, मित्र म्हणाला, “‘आयएमआर 4350’ घे. सेम है!” टेक्ससमध्येही वाणी असतात तर!

“आकडा एकच, पण दारू दोन,” काका म्हणाले. “आपल्या घरात खायचा सोडा, बेकिंग पावडर, फ्रूट सॉल्ट, तिन्ही पांढरीच ना? पण बेकिंग पावडरमध्ये आंबट घटक आधीच घातलेला असतो, सोड्यात नसतो. चमच्याला चमचा सोडा घालून बघ. केक साबणासारखा लागेल. पण बिघडलेला केक पाहुणे ‘वा वा’ म्हणत खातात. बिघडलेलं काडतूस ‘वा वा’ म्हणायला माणूस शिल्लक ठेवेलच असं नाही.”

रायफलची दारू ठरावीक वेगाने जळावी लागते. दाण्याचा आकार, घडण, वरचा लेप यांवर तो वेग ठरतो. हवी त्यापेक्षा भरभर जळणारी दारू तेवढ्याच वजनाने भरली, तर गोळी नळीत पुढे सरकेपर्यंत दाब भलताच चढतो. मोटारीच्या टायरमध्ये चौरस इंचावर 30 पौंडांच्या आसपास दाब असतो. रायफलच्या काडतुसात नीट भरलं तरी तो 60,000 पर्यंत जातो. आणि हे सगळं नेम धरणाऱ्याच्या डोळ्यापासून काही इंचांवर!

“पण मामा, वेगाच्या यादीत दोघी शेजारी आहेत,” असं भाचा म्हणाला होता म्हणे.

“शाळेत पोरं उंचीप्रमाणे उभी करतात,” काका म्हणाले. “शेजारी उभा आहे म्हणून एकाची विजार दुसऱ्याला होते का? यादी क्रम सांगते, माप नाही.” दारू बदलली की पुस्तकात त्या काडतुसासाठी, त्या गोळीसाठी, त्याच दारूचं पान काढायचं, तिथला सर्वांत कमी भार घ्यायचा आणि तिथून जपून, थोडं थोडं वर जायचं. पान नसेल तर थांबायचं. आणि डब्यात उरलेल्या दोन दारू एकमेकींत मिसळायच्या तर कधीच नाहीत.

भाचा थांबला. महिन्याभराने त्याची नेहमीची दारू मिळाली. काकांनी ही बातमीही तिसऱ्या मजल्यावरून साऱ्या मुलुंडला दिली.

इमारतीत मात्र काकांच्या एका फोनने भाच्याची दारू सुटली, हीच हकीकत कायम आहे. काका ती खोडून काढत नाहीत. कारण हल्ली भाच्याला मुली सांगून येऊ लागल्या आहेत. परवा एका स्थळाला पत्रिका जुळली नाही, तर मध्यस्थ म्हणाले, “त्यांची धाकटीही आहे. अगदी तशीच.”

काकांनी फोन आपटला.