चावी एजंटकडे, सही तुमची!

पुणं बघायचंय? मग शनिवारवाडा, सारसबाग, सिंहगड हे पाहुण्यांसाठी राखून ठेवा आणि एखाद्या रविवारी भाड्याचा फ्लॅट शोधायला बाहेर पडा. एजंटची बाईक पुढे, आपली स्कूटी मागे... वनाझपासून हिंजवडीपर्यंत! कुठल्या गल्लीत पाणी येत नाही, कुठल्या सोसायटीत मित्र आले की वॉचमन वर फोन लावतो, कुठल्या घरमालकाला कांदा-लसूण चालत नाही, हे सगळं एका दिवसात कळतं. ही टूर मी आतापर्यंत चारदा केलीय. प्रत्येक वेळी शहर थोडं जास्त कळलं आणि एजंट नावाचा प्राणीही.

पहिला स्टॉप कोथरूड. मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी. चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती, जिन्यात चपलांचे स्टँड, गॅलरीत तुळस. 2022च्या मार्चमध्ये वनाझहून मेट्रो सुरू झाली आणि 'स्टेशनपासून पाच मिनिटं' हे वाक्य इथल्या एजंटांच्या तोंडी आलं. (पाच मिनिटं त्यांच्या बाईकवर हं, तुमच्या पायांनी नाही!) इथे मालक बहुतेकदा वरच्याच मजल्यावर राहतात. इंटरव्ह्यू काकू घेतात. ''गाव कुठलं? नोकरी कुठे? रात्री यायला किती वाजतात?'' उत्तरं पसंत पडली तर चहा, नाहीतर ''कळवतो हं एजंटला.'' फायदा असा, की नळ बिघडला तर मालक एका हाकेवर. तोटाही तोच!

पण काकूंच्या आधी एजंटचा इंटरव्ह्यू तुम्ही घ्यायला हवा, तोही पहिला फ्लॅट बघण्यापूर्वीच. ब्रोकरेज किती? सहसा एक महिन्याचं भाडं मागतात आणि बऱ्याचदा मालकाकडूनही घेतात. हा रिवाज आहे, कायदा नाही, त्यामुळे घासाघीस खुशाल करा. अकरा महिन्यांनी करार वाढवताना पुन्हा घेणार का? पावती देणार का? 'रेरा नंबर आहे आपला' असं कोणी सांगितलं तर हसून मान हलवा, पण भुलू नका. रेराखाली एजंटची नोंदणी असते ती नव्या प्रकल्पांतल्या घरांच्या खरेदी-विक्रीसाठी. भाड्याच्या व्यवहारात ती ढाल तुमच्या कामाची नाही.

कोथरूडहून चांदणी चौकात या. इथला जुना पूल 2022च्या ऑक्टोबरमध्ये स्फोटाने पाडला आणि 2023च्या ऑगस्टमध्ये नव्या पुलांचं जाळं खुलं झालं. हायवेने पुढे गेलं की बाणेर-बालेवाडी. इथलं जग एकदम वेगळं! काचेची लॉबी, जिम, स्विमिंग पूल, बाहेर कॅफेंची रांग. फ्लॅट बघून तुम्ही खल्लास होता आणि नेमकं तेव्हाच एजंट म्हणतो, ''सर, अजून दोन पार्ट्या आहेत. संध्याकाळपर्यंत टोकन टाका.''

इथे थांबायचं. टोकन टाकण्याआधी खाली उतरून वॉचमनशी पाच मिनिटं गप्पा मारायच्या. उन्हाळ्यात टँकर किती येतात? लिफ्टला बॅकअप आहे का? मग दोन प्रश्न एजंटला. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा? आणि घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी घेते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस कोण भरणार? राज्य सरकारच्या 2001च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत आणि सोसायटी ते आपल्या सभासदाकडून, म्हणजे मालकाकडून घेते. तुमच्या माथी मारायचे असतील तर ते आधी कळू देत. टोकन द्यायचंच तर मालकाच्या खात्यावर, आणि मालकाने नकार दिला तर पैसे परत मिळतील असा मेसेज हातात ठेवूनच.

बालेवाडीहून मुळा नदी ओलांडली की वाकड. पूल छोटासा, पण महापालिका बदलते! हा भाग पिंपरी-चिंचवडचा. इथे 2019च्या नोव्हेंबरपासून नळाला दिवसाआड पाणी सुरू झालं, म्हणून घर बघताना किचन प्लॅटफॉर्मइतकंच टाकीकडेही बघा. आयटी पार्क जवळ, म्हणून आपली अर्धी जनता इथेच. मालक मात्र कुठे बंगळुरूला, कुठे न्यू जर्सीला. चावी एजंटकडे, डिपॉझिटचा निरोप एजंटकडून, गळक्या नळाची तक्रारही एजंटलाच.

माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने इथेच घर घेतलं होतं. डिपॉझिट एक लाख. एजंट म्हणाला, ''ताई, करारात पंचाहत्तरच दाखवू, पंचवीस कॅश द्या, मालकांना तसंच हवंय.'' तिने दिले. घर सोडताना मालकाने रंगकामाच्या नावाखाली सगळंच अडवलं. तिच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे नोंदणी झालेला करार, ज्यात रंगाचा खर्च तिच्यावर कुठेही नव्हता. दुसरी, राहायला आली त्या दिवशी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ, ज्यात भिंतीवरची ओल आधीपासूनच दिसत होती. दोन महिने फोनाफोनी झाली आणि 75 हजार खात्यावर आले. उरलेल्या पंचवीसबद्दल मालक म्हणतो, मला मिळालेच नाहीत. एजंट म्हणतो, मी पोचवले. पहिल्या रिंगला फोन उचलणारा तो एजंट आता तिचा नंबर ओळखतही नाही. गावी वडिलांना पाठवायचे म्हणून बाजूला काढलेले पैसे होते ते. कागदावरचे आले, कागदाबाहेरचे गेले!

शेवटचा स्टॉप, हायवेपलीकडचं हिंजवडी. इथे ग्रामपंचायत, त्यामुळे भाडेकराराची नोंदणी फी 500 रुपये. महापालिका हद्दीत ती 1000. ''कशाला नोंदणी? अकराच महिने आहेत, नोटरी करून टाकू'' हे वाक्य तुम्हाला या टूरमध्ये कुठे ना कुठे ऐकू येणारच. त्यावर शांतपणे म्हणायचं, ''महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55.'' त्यानुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग महिने कितीही असोत. ती जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरतात, जोवर उलट सिद्ध होत नाही. पण कायदा दोन्ही बाजूंनी चावतो. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर कलम 24 प्रमाणे दुप्पट भाडं भरावं लागू शकतं.

खर्चाचा बाऊही करू नका. भाडं 25 हजार, डिपॉझिट 75 हजार, मुदत अकरा महिने धरा. एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज, यावर 0.25 टक्का स्टॅम्प ड्युटी. म्हणजे सातशेच्या आसपास. नोंदणी फी हजार. वर किरकोळ शुल्क आणि घरी मशीन घेऊन येणाऱ्याचे पैसे. त्यामुळे एजंटने 'अ‍ॅग्रीमेंटचे सहा हजार' म्हटलं की हिशेब मागा. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइनच कळवता येते, त्याचे वेगळे हजार कशाचे तेही विचारा. आणि एचआरए घेत असाल तर मालकाचा पॅन आधीच मागून ठेवा. वर्षाचं भाडं लाखावर गेलं की ऑफिस तो मागतंच.

एवढं वाचून एजंटला व्हिलन ठरवू नका हं! रविवारी उन्हातान्हात सहा-सात फ्लॅट दाखवणारा, बॅचलर मुलींसाठी काकूंकडे शब्द टाकणारा तोच असतो. त्याच्याइतकं शहर कोणालाच माहीत नसतं. फक्त सौदा झाला की त्याचं काम संपतं आणि तुमचं राहणं सुरू होतं, हे लक्षात ठेवा. म्हणून रस्ता त्याला विचारा, पैसे मालकाच्या खात्यात टाका आणि नोंदणीची कॉपी स्वतःच्या मेलमध्ये ठेवा. मग खुशाल पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे त्याचा विचार करा!