जाते, गिरणी, घरघंटी

आमच्या घरात कोणतीही वस्तू सहजासहजी येत नाही. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. त्यामुळे एखादी वस्तू घ्यावी की न घ्यावी, याविषयी आमच्यात जी चर्चा होते ती वस्तूच्या किमतीपेक्षा तिच्या अर्थावरच अधिक होते, आणि तोवर दुकानातल्या सवलतीची मुदत उलटून गेलेली असते. तरीही गेल्या पंचवीसेक वर्षांत जे काही घेतले त्यांतल्या तीन वस्तूंनी घर खरोखर सुखाचे केले, असे म्हणता येईल : वाचायच्या खुर्चीशेजारचा उभा दिवा, ओट्यापाशी बसता येईल असे उंच स्टूल आणि घरघंटी. दिव्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. तो लावला की दिसते. स्टुलाकडे पुढे येऊच. घरघंटीचे प्रकरण मात्र आम्ही समजलो होतो त्याहून बरेच गुंतागुंतीचे निघाले.

ती घेतली २००६ साली. आई तेव्हा गावाकडचे घर बंद करून नुकत्याच आमच्याकडे राहायला आल्या होत्या. (आमच्यापैकी एकाची ती आई आणि एकीची सासू, पण हाक आम्ही दोघेही आईच मारतो.) त्यांना बाजरीची भाकरी लागे, आणि बाजरीचे पीठ चार-आठ दिवसांत कडवट होऊ लागते. तेव्हा लागेल तसे थोडेथोडे ताजे दळता यावे, एवढे साधे कारण आम्ही दुकानदाराला सांगितले. मनातले कारण इतके साधे नव्हते. 'दळण' हा शब्द आमच्यासारख्यांच्या कानांवर एकटा कधी पडतच नाही. त्याच्यामागे जनाबाई येते, तिला दळू लागणारा विठ्ठल येतो, बहिणाबाईंचा घरोटा येतो, अभ्यासक्रमातले 'लोकसाहित्य : स्त्रीगीते' हे प्रकरण येते. जाते या ना त्या रूपाने घरात परत येत आहे, अशी काहीशी आमची भावना होती. लाकडी कपाटासारख्या त्या यंत्राला आम्ही हळदकुंकू वाहिले. आईंच्या हस्ते वरच्या तोंडात पहिली ओंजळ घातली. आणि, सांगायला आता संकोच वाटतो, शेजारी टेपरेकॉर्डर मांडून आईंना ओव्या म्हणण्याची विनंती केली.

त्यांनी आधी यंत्राकडे पाहिले, मग आमच्याकडे.

"याच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार?" म्हणाल्या. आम्ही यंत्र बंद केले. तरी त्या गाईनात. आठवत नाही, म्हणाल्या. पहिली ओळ तरी आठवते का, असे आम्ही विद्यार्थ्याला विचारावे तसे विचारले, तेव्हा मात्र त्यांचा सूर बदलला. "आठवायचं तर खुंटा धरावा लागेल. आणि तो मी आता धरायची नाही."

त्यानंतर तासभर त्या बोलत होत्या. टेपरेकॉर्डर चालू आहे हे आमच्याही लक्षात राहिले नाही, नि कॅसेट अर्ध्यावर संपली. सतराव्या वर्षी लग्न झाले; खाणारी अकरा माणसे; पहाटे तीनला उठायचे, समोर थोरली जाऊ आणि मध्ये जाते. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्याने घास घालायचा. जात्याला टाकी लावून घ्यायला उशीर झाला की ज्वारी नुसती भरडली जायची आणि तेच दळण पुन्हा दळायचे. "गाणं कशाला म्हणायचो ठाऊक आहे? झोप लागू नये म्हणून." गावात गिरणी आली त्या आठवड्यात सासूबाईंनी स्वतः जाते उचलवून भिंतीशी उभे केले. दुसऱ्या दिवशी आई सूर्य उगवल्यावर उठल्या. सारे अंगण उन्हाने भरलेले त्यांनी सासरी पहिल्यांदा पाहिले ते त्या दिवशी.

ओवीचा अभ्यास करणाऱ्यांना यात नवीन काही नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७पासून त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर एकेक करून प्रसिद्ध होऊ लागल्या. त्या चाळताना सासुरवास, कष्ट, मुलीचा जन्म यांविषयीची गाऱ्हाणी पानोपानी भेटतात. म्हणजे श्रम ओवीत आहेतच. वर्गात शिकवताना आम्हीच ते झटपट ओलांडून 'उत्स्फूर्त आविष्कार', 'मौखिक परंपरा' अशा सोयीच्या मुक्कामावर येऊन टेकत होतो. ओवी टिकली पाहिजे असे आम्ही म्हणू तेव्हा जाते कोणी ओढायचे, हा प्रश्न आम्हांस एकाही विद्यार्थिनीने विचारला नाही. कदाचित विचारण्यासारखे वातावरण आम्ही ठेवले नसेल.

असो. घरघंटी घरात रुळली. आईंना ताज्या पिठाची भाकरी मिळू लागली, आणि त्या वस्तूवर त्यांचा जीव जडला. जात्याविषयी अवाक्षर न काढणाऱ्या आई घरघंटीचे कौतुक मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवीत. मिक्सरवरही त्यांची अशीच माया होती. सीमेन्समध्ये अभियंता असलेल्या सत्यप्रकाश माथुरांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर आपल्याकडची वाटणे वाटता वाटता जळला, आणि त्यातूनच १९६३ साली त्यांनी कंपनी काढून पुढे 'सुमीत' घडवला, ही हकिकत आम्ही त्यांना सांगितली होती. त्यावर त्यांचा शेरा एवढाच होता : "बायकोचा मिक्सर जळला तेव्हा पाटा आण म्हणाला नाही, हे चांगलं केलं."

आता या सुखाची दुसरी बाजू. घरघंटी येण्यापूर्वी दळण आणणे हे आमच्यापैकी पुरुषाचे काम होते. त्याच्या बालपणापासूनचे काम. डबा सायकलच्या कॅरिअरवर बांधायचा, गिरणीत गेल्यावर 'काय चाललंय?' असे विचारायचे, कारण गव्हाचे दळण गव्हावरच पडले पाहिजे. बाजरी चालू असेल तर थांबायचे. पट्ट्याचा तो थडथडाट, गिरणीवाल्याच्या पापण्यांवर साचलेले पीठ, परतताना मांडीला लागणारा डब्याचा ऊबदार पत्रा. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलग्यांनी आणि बापांनी स्वयंपाकासाठी केलेले हे बहुधा एकमेव नियमित काम असेल. घरघंटी आली आणि ते संपले. डबा बाहेर जायचा राहिला, म्हणून पुरुषही त्यातून सुटला. धान्य निवडणे, जाळी बदलणे, खालचा टब रिकामा करणे, कापडी पिशवी झटकणे, हे सारे 'घरातले' काम ठरले. ते कोणी ठरवले असे विचाराल तर कोणीच नाही.

रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकी इतिहासकार बाईंचे 'मोअर वर्क फॉर मदर' हे १९८३चे पुस्तक आमच्या कपाटात तेव्हाही होते. त्यात नेमके पिठाचेच उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बाजारात तयार बारीक पीठ मिळू लागले तेव्हा गिरणीपर्यंत धान्य वाहून नेण्याचे पुरुषांचे आणि मुलांचे काम वाचले. बाईचे मात्र वाढले, कारण त्या पिठाचे फुगवलेले पाव आणि केक घरोघरी अपेक्षिले जाऊ लागले. हे वाचून आम्ही माना डोलावल्या होत्या. आमच्याकडेही तेच झाले. पूर्वी दळण म्हणजे गहू आणि ज्वारी. आता 'घरात यंत्र आहेच' म्हणून बेसन, नाचणी, आंबोळीचे पीठ, चकलीची भाजणी. नातेवाइकांच्या फर्माइशी निराळ्याच.

ते ध्यानात आले एका दिवाळीच्या तोंडावर. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. आमच्यापैकी एक जण त्या सुखाच्या दिव्याखाली बसून एका चर्चासत्रासाठी निबंध लिहीत होता. विषय, 'ओवीतील श्रमानुभव'. आमच्यापैकी एक जण गॅलरीत भाजणी दळत होती. तिच्याही उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर तसाच पडून होता. दिव्याखालून आवाज आला, "जरा दार लावून घेतेस का? लक्ष लागत नाहीये."

दार लागले नाही. घरघंटी बंद झाली. पुढे जे बोलणे झाले ते इथे लिहिण्याजोगे नाही, आणि ते दोन दिवस पुरले. पण त्या बोलण्याच्या मधल्या एका शांततेत, ज्या खोलीत आई झोपल्या आहेत असे आम्ही धरून चाललो होतो, तिथून त्या अगदी जाग्या आवाजात म्हणाल्या,

"जातं निदान दोघींनी ओढायचो."

निबंध त्या चर्चासत्रात वाचला गेला नाही. प्रकृतीचे कारण कळवले.

पुढच्या रविवारपासून दळण पुन्हा पुरुषाकडे गेले. आरंभी त्याने ते वाईट केले. ज्वारीला बारीक जाळी, लाडवाच्या बेसनाला त्याहून बारीक. लाडू टाळूला चिकटू लागले. आईंनी तक्रार केली, पण यंत्राला हात लावला नाही. ओट्यापाशी स्टुलावर बसून त्या तोंडी सूचना देत. हे स्टूल रस्त्याकडेच्या एका सुताराकडून करून घेतले होते, घरातली सर्वांत स्वस्त खरेदी. आयुष्यभर चुलीपुढे उकिडवे बसून आणि नंतर ओट्यापुढे ताटकळून त्यांचे गुडघे गेलेले होते. कोणती वस्तू तुम्हांला सर्वांत आवडली, असे आम्ही एकदा विचारले, तेव्हा घरघंटीचे नाव येईल अशी आमची खात्री होती. त्यांनी बसल्या जागी स्टुलावर हात आपटून दाखवला.

२०१७मध्ये ओव्यांच्या ध्वनिफिती ऐकायला मिळू लागल्या तेव्हा आम्ही त्या आईंना ऐकवल्या. तीनचार ओव्या त्यांनी मान हलवत ऐकल्या, एके ठिकाणी 'आमच्याकडे असं नव्हतं म्हणत' अशी दुरुस्ती केली, पण स्वतः म्हटले काहीच नाही. २००६च्या त्या कॅसेटवरही एक ओळ नाही. यंत्र बंद केल्यानंतरची शांतता आणि मग त्यांचे बोलणे, तेही अर्धेच.

आई जाऊन आता पाच वर्षे झाली. स्टूल गॅलरीत घरघंटीशेजारी हलवले आहे. दळण लावले की आमच्यापैकी एक जण त्यावर बसतो आणि दुसरा धान्य ओततो. रविवारी कोण बसणार यावरून अजूनही थोडी वादावादी होते. जाळीवरचा आकडा वाचायला मात्र दोघांनाही चष्मा लागतो, आणि तो नेमका त्या दिव्यापाशी राहिलेला असतो.